सांभरच्या पाण्याची तालीम

"औषध कधी बंद केलंत?"

नागपूरच्या डॉक्टर मॅडमनी मला विचारलेला हा पहिलाच प्रश्न. मी दोन ब्लँकेटांत गुंडाळून बसलो होतो आणि माझे दात वाजत होते. एप्रिल संपत आला होता. बालाघाटहून येताना गाडीत ड्रायव्हरचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता, आणि मी त्याला खिडक्या बंद करायला लावत होतो.

मी खोटं बोलणार होतो. पण शेजारी माझी बायको सुनंदा उभी होती, आणि तिच्यासमोर माझं खोटं दोन मिनिटंही टिकत नाही.

"तीन आठवडे झाले," मी म्हणालो. "गोळी आणि मलम, दोन्ही."

मॅडमनी माझ्या दंडावर बोट दाबलं, उचललं. कपाळापासून तळपायापर्यंत मी लालबुंद होतो, आणि त्या लालीवरून पांढरी सालं निघत होती. "याला एरिथ्रोडर्मा म्हणतात," त्या म्हणाल्या. "म्हणजे जवळजवळ सगळ्या अंगाची कातडी एकदम सुजते आणि गळते. शरीरातलं पाणी आणि ऊब कातडी धरून ठेवते. तुमची आता ते काम करत नाहीये. म्हणून उन्हाळ्यात थंडी वाजतेय. याचा ताण किडनीवर येतो, हृदयावर येतो. जंतू आत शिरायला वाट मोकळी होते. आत्ताच ॲडमिट व्हायचं."

सुनंदा म्हणाली, "बाई, सत्तावीस दिवसांनी पोरीचं लगन आहे."

"आधी हे चार दिवस जाऊ द्या," मॅडम म्हणाल्या, आणि फॉर्मवर सही करायला पेन पुढे केलं.

सोरायसिस असलेल्या सगळ्यांसाठी मी हे लिहितो आहे. तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी माझ्यासारखा शहाणपणा मनात केला असेल. मी तो अंगणात केला.

सोरायसिस मला अकरा वर्षं आहे. शरीर नवी कातडी नको तितक्या घाईने बनवतं, आणि जुनी थरांनी साचून तिचे चट्टे पडतात. तो लागत नाही, पसरत नाही. हे वाक्य मी इतक्यांना सांगितलं आहे की झोपेतही म्हणेन. या मॅडमनीच लिहून दिलेली आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी, म्हणजे शरीराची ही घाई आवरणारं औषध, आणि रोज मलम. एवढ्यावर ठीक चाललं होतं. फक्त तळहात काही ऐकत नव्हते. ते लाल, जाड, भेगाळलेले.

उकव्याच्या मँगनीजच्या खाणीत मी एकतीस वर्षं टाइम ऑफिसात होतो. कोण कितीला आलं, कितीला गेलं, कुणी कुणाच्या नावावर पाळी मारली, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. हात लांब बाह्यांत लपवायची सवय तिथलीच. रिटायर होऊन बालाघाटला आलो तेव्हा वाटलं, आता लपवायचं कुणापासून?

मग मुलीचा, पल्लवीचा, साखरपुडा झाला. मुलगा अनिकेत मलाजखंडला तांब्याच्या खाणीत इंजिनियर. माणसं चांगली. मी सगळ्यांना पेढे देत होतो. अनिकेतच्या आत्याबाईंसमोर हात केला, तेव्हा त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं आणि हसून म्हणाल्या, "ठेवा तिथं प्लेटीत, घेते मी." त्यांनी तो घेतला नाही. आम्ही निघालो तेव्हा प्लेटीत तो एकच पेढा उरला होता.

त्या कार्यक्रमात दुसरं काय झालं ते मला आठवत नाही.

आमच्याकडे कन्यादानाला मुलीची आई पाण्याची धार सोडते. ती बापाच्या हातांवरून मुलीच्या ओंजळीत आणि तिथून जावयाच्या ओंजळीत पडते. सगळा मांडव तेवढा वेळ बापाच्या हातांकडेच बघत असतो. मी ठरवलं, लग्नाआधी हे हात साफ करायचेच.

परदेशातल्या अतिखारट समुद्रात डुंबून सोरायसिसवाल्यांची कातडी कशी निवळते, ते मी फोनवर पाहिलं होतं. तिकडे जाणं आपल्याला कुठलं जमायला. पण खाणीतला एक जुना सोबती म्हणाला, राजस्थानातलं सांभर तसंच आहे, वाळवंटातलं मिठाचं तळं. झालं. मी वही काढली.

बालाघाट ते गोंदिया, गोंदिया ते नागपूर, नागपूर ते जयपूर, पुढे फुलेरा. कुठे किती मिनिटं थांबायचं, डबा कुठे उघडायचा, सुनंदाची गुडघ्याची गोळी किती वाजता, सगळं लिहिलं. धर्मशाळेत खोली सांगून ठेवली. मे महिन्याचे पहिले सात दिवस, रोज दोनदा स्नान, पहिल्या दिवशी दहा मिनिटं, मग वाढवत. सुनंदा म्हणाली, "अहो, तुमी तळ्यावर चालले का ड्यूटीवर?"

इथवर ठीक होतं. पण खाणीतला माणूस चाचणीशिवाय काही करत नाही. नवा पंप आला तरी तो आधी वर चालवून बघतात, मग खाली उतरवतात. मी म्हटलं, सांभरला जाऊन कातडी बिचकली तर? इथेच तालीम घेऊ.

निळा प्लास्टिकचा ड्रम आडवा कापून घेतला. गुरांसाठीचं जाडं मीठ पोत्याने आणलं. ड्रम अंगणात, कडुनिंबाच्या सावलीबाहेर ठेवला, कारण ऊनही लागतं म्हणत होते. रोज सकाळी अकरा वाजता मी त्यात बसायचो आणि वहीत मिनिटं लिहायचो. शेजारच्या घरातली सून गच्चीवर कपडे वाळत घालायची बंद झाली.

आणि खरी चूक त्याच्याही आधीची होती. गोळी चालू ठेवून पाण्यात बसलो, तर गुण कुणाचा ते कसं कळणार? एकतीस वर्षं मी एकाची पाळी दुसऱ्याच्या नावावर लागू दिली नव्हती. मग गोळीचं काम पाण्याच्या नावावर कसं लावू? म्हणून तालीम सुरू व्हायच्या बारा दिवस आधीच मी गोळी आणि मलम बंद केलं. कुणाला विचारलं नाही. सुनंदालाही सांगितलं नाही.

पहिले दोन दिवस हात खरंच मऊ वाटले. मी वहीत "सुधारणा" असं लिहून खाली रेघ मारली. चौथ्या दिवशी पाठ जळजळली, तरी बसलो. सहाव्या दिवशी भेगांत मीठ गेलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, तरी बसलो. आठव्या दिवशी चट्टे एकमेकांना जाऊन मिळाले. नवव्या दिवशी अंगणातल्या रखरखत्या उन्हात मला थंडी वाजू लागली. सुनंदाने ड्रममधून ओढून काढलं आणि कपाटातली गोळ्यांची पाकिटं मोजली.

"काहून केलं असं?" एवढंच ती म्हणाली. मग तिने नागपूरसाठी गाडी सांगितली.

वॉर्डात पहिल्या दिवशी सुई घालायला धड कातडी सापडेना. रक्त गेलं तपासणीला. किडनीचं काम कसं चाललंय ते ज्यावरून कळतं, ते क्रिएटिनिन वाढलेलं आलं. पाय इतके सुजले की चप्पल चढेना. सकाळी सिस्टर माझ्या पलंगाखालची सालं केरसुणीने गोळा करायची, सुपडीभर. ती माझी होती. मी भिंतीकडे तोंड करून पडायचो.

तिसऱ्या दिवशी ताप चढला. ब्लड कल्चर पाठवलं. रक्त एका बाटलीत ठेवून त्यात जंतू वाढतात का ते पाहतात, आणि उत्तराला दोन-तीन दिवस लागतात. मी मॅडमना विचारलं, "मी लग्नाला असेन ना?"

"आज मी काहीच सांगणार नाही," त्या म्हणाल्या. इतका घाबरलेला मी कधी नव्हतो. खाणीत छत बसलं होतं तेव्हाही नाही.

त्याच दिवशी दुपारी मोठे भाऊ आले. लांब उभे राहून म्हणाले, "वसंता, मनाले लावून नको घेऊ. मी आन् तुही वहिनी बसतो कन्यादानाले. तू खुर्चीवर बस आरामात. लोकायले बी काई वाटणार नाई."

मी "हौ" म्हणालो. त्यात भाऊंचा काही दोष नव्हता. मलाही तेच बरं वाटत होतं, आणि तसं वाटतं आहे याचीच लाज वाटत होती.

पल्लवी दारात उभी होती. तिने ऐकलं. आत आली, पॅराफिनचा डबा उघडला. ते पांढरं, व्हॅसलीनसारखं मलम असतं, दर चार तासांनी अंगभर लावायचं असतं. सिस्टरने तिच्यापुढे ग्लोव्हजचा खोका धरला.

"नको सिस्टर," ती म्हणाली. "ग्लोव्हज में पताही नहीं चलता कुठं तडकलं ते."

तिने उघड्या हातांनी माझी पाठ माखली, मग पाय, मग तळहात. तळहातांवर वेळ लावला. बोटांच्या बेचक्यांतून, भेगांच्या कडांनी. तिची बोटं माझ्या सालींनी भरली होती. तिने ती ओढणीला पुसली आणि पुन्हा डब्यात घातली. जे हात तिच्या लग्नासाठी मी लपवायला निघालो होतो, ते तिने इतकी वर्षं कधी टाळलेच नव्हते. मला रडू आलं, आणि खारट पाणी गालावर झोंबलं.

"बाबा, रडू नका ना," ती म्हणाली. "मलम निघून जाऊन राह्यलं."

सहाव्या दिवशी कल्चर स्वच्छ आलं. ताप उतरला, क्रिएटिनिनही खाली आलं. मॅडमनी सायक्लोस्पोरिन सुरू केलं. शरीराचं स्वतःवरच उलटलेलं संरक्षण ते शांत करतं, पण त्यावर असताना बीपी आणि किडनी सतत बघत राहावी लागते. जिथून पाणी झिरपत होतं त्या पायांना पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याच्या पट्ट्या. सिस्टर म्हणाली, हे मँगनीजपासून करतात. एकतीस वर्षं मी त्याच मालाच्या पाळ्या लिहिल्या, आणि तो औषध असतो हे मला पाय सुजल्यावर कळलं.

आठव्या दिवशी आठवलं, धर्मशाळेची खोली अजून आपल्या नावावर आहे. फोन लावला. मॅनेजर भला माणूस होता.

"बाबूजी, नहाने आ रहे थे? मई में?" तो हसायला लागला. "झील में पानी कहाँ है? नमक की पपड़ी है, आदमी पैदल चलता है उस पर। बारिश के बाद भी घुटने-घुटने। यहाँ नहाने कौन आता है? माता के दर्शन को आइए।"

फोन स्पीकरवर होता. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. फलाट क्रमांकसुद्धा मी वहीत लिहिला होता. तळ्यात पाणी असतं का, एवढं कुणाला विचारलं नव्हतं.

नागपूरला आल्यापासून सुनंदा पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता रडली. "तुमच्या वहीले आग लावते मी," म्हणाली. मी म्हटलं, लाव.

सोळाव्या दिवशी घरी सोडलं. जाताना मॅडमनी बसवून सांगितलं. मिठाच्या पाण्याने, उन्हाने काहींना आराम पडतो, ते खोटं नाही. पण औषध आपल्या मनाने एकदम तोडायचं नाही, भेगाळलेल्या कातडीवर प्रयोग करायचे नाहीत, आणि आमच्याकडच्या उन्हात तर नाहीच. "मला विचारलं असतं तर मी तुम्हाला रागावले नसते," त्या म्हणाल्या. मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. आपण डॉक्टरला विचारत नाही, कारण उत्तर आपल्याला आधीच माहीत असतं.

लग्नाच्या दिवशी मी बरा होतो, गोरागोमटा नव्हतो. चालता येत होतं. तळहात तसेच होते, लाल, सालं निघणारे. भाऊ आणि वहिनी पाटावर बसायला पुढे झाले. पल्लवी बोहल्याजवळ उभी होती. भाऊंना वाकून नमस्कार करून म्हणाली, "मोठे बाबा, तुमी आशीर्वाद द्या. पण पाटावर बाबाच बसतीन. नाईतर मी बी नाई बसत."

आत्याबाई पहिल्या रांगेत होत्या. मी बाह्या वर केल्या आणि बसलो.

सुनंदाने धार सोडली. पाणी माझ्या तळहातांवरून पल्लवीच्या ओंजळीत गेलं. आणि मी पाहिलं, माझ्या अंगठ्याजवळचं एक पांढरं साल सुटलं. ते तिच्या ओंजळीत एकदा फिरलं आणि धारेबरोबर खाली अनिकेतच्या ओंजळीत पडलं. हात मागे घ्यावेत असं वाटलं, पण मध्ये घ्यायचे नसतात.

अनिकेतने ते पाहिलं. मग बोटं आणखी घट्ट जुळवली, पाणी सांडू नये म्हणून.

सुनंदानेही पाहिलं होतं. तिने धार थांबवली नाही.