अक्कानं कापलेलं दार

सकाळी भाकऱ्या थापत होते, तेव्हा केडगावहून दाजींचा फोन आला. "तुझी अक्का गेली गं," एवढंच बोलले. गच्चीवर पोती वाळत घालायला चढली होती, तिथंच छातीत कळ आली... दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दौंडहून केडगाव काही लांब नाही, पण त्या दिवशी रस्ता सरेना.

शालन अक्का माझी थोरली बहीण. लग्नाआधी ती शिरूरकडे फायबरच्या टाक्या करणाऱ्या एका कारखान्यात कामाला जायची. संसारात ते मागं पडलं. पण दाजी ज्या पिकअपमधून शेवंती बाजारात न्यायचे, तिचं मडगार्ड गंजून चाळण झालं, तेव्हा ती म्हणाली, "मी करते की घरी." फायबरला लागणारी काचेच्या धाग्यांची चटई महाग पडायची, म्हणून भंगारवाल्याकडून तिचे उरलेसुरले तुकडे आणले आणि मधल्या थरांना तागाची पोती घातली. पोती धुऊन कडक उन्हात वाळवायची, ओल राहिली की थर चिकटवणाऱ्या पातळ रेझिनमध्ये बुडबुडे धरतात. जॉर्जेट रेझिन पीत नाही, जुनं सुती कापड पितं, हे तिनं करून करून शोधलं. साचा म्हणून जुनंच मडगार्ड, त्यावर फरशीचं मेण चोळलेलं. पहिलं मडगार्ड साच्याला चिकटूनच बसलं. दुसरं अलगद सुटलं, तेव्हा तिच्या तोंडावरचं हसू बघण्यासारखं होतं.

मग लोक यायला लागले. दाजींच्या भांडगावच्या एका मित्राला जीपचं दार हवं होतं, आणि दाजी हो म्हणून बसले. अक्कानं दार केलं, देखणं केलं. पण त्याच थरांचा एक तुकडा तिनं दोन विटांवर आडवा ठेवला आणि वर उभी राहिली. तो काडकन मोडला. मित्र दार न्यायला आला त्या दिवशी मी तिथंच होते. अक्कानं त्याला तो मोडका तुकडा दाखवला. "वहिनी, दाराला कोण धडकतंय?" तो हसत म्हणाला. अक्का म्हणाली, "पत्रा आधी वाकतो, भाऊ. हे सांगत न्हाई, एकदम तुटतं. दाराला टेकून माणूस बसतंय." आणि सगळ्यांसमोर तिनं करवतीनं त्या दाराचे दोन तुकडे केले.

दाजींचा शब्द गेला. नंतर कित्येक महिने ते तिच्याशी कामापुरतंच बोलायचे. मी एकदा तिला म्हटलं, "आधी दाजींना बाजूला घेऊन सांगायचं ना." ती पोतं उसवत होती. "सांगितलं व्हतं. ते म्हणले, वरनं रंग मार, कुणाला कळतंय."

तेरावं झाल्यावर दाजी त्याच पिकअपमधून मला दौंडला सोडायला निघाले. वाटेत म्हणाले, "रंग मार म्हणलं व्हतं मी. तुला म्हाईत हाय?"

"हाय, दाजी."

"तवापास्नं एकदाबी टोचून बोलली न्हाई मला. बोलली असती तर बरं झालं असतं..."

समोर गाडीचा डॅशबोर्ड होता, तोही अक्कानंच केलेला. रेझिनच्या आत आमच्या आईच्या लुगड्याचा हिरवा काठ स्पष्ट दिसत होता. दाजींनी गाडी कडेला घेतली, खांद्यावरच्या पंच्यानं त्यावरची धूळ पुसली, आणि काठावर हात ठेवून तसेच बसून राहिले.