असोद्याच्या रस्त्याला

माझ्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे हे कळलं, तोवर बरंचसं दिसायचं बंद झालं होतं. दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त होऊन आम्ही दोघं नवरा-बायको जळगावात राहायला आलो होतो. मला आता मधलं तेवढंच दिसतं, पाइपातून बघितल्यासारखं, आणि तेही दुधाळ. ओळखीचं माणूस शेजारून गेलं तरी कळत नाही. लोकांना वाटायचं, निवृत्त झाल्यावर याला शिष्टपणा आलाय. मी वाटू द्यायचो. दिसत नाही हे सांगण्यापेक्षा मला ते सोपं वाटायचं.

मला पळायला लावलं मुलीनं. ती नरडाण्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत होती. धुळ्यात खोली करून राहायची आणि शनिवारी संध्याकाळी घरी यायची. रविवारी उजाडताना ती पळायला निघायची. एकदा मला म्हणाली, नाना, तुम्हीपण चला. पडलो तर काय, असं मी विचारलं. तिनं आईच्या परकराची जुनी नाडी शोधून काढली. एक टोक माझ्या मनगटाला बांधलं, दुसरं स्वतःच्या. नाडी एवढी सैल की हात मोकळे हलावेत, आणि एवढी आखूड की ती वळली की मला कळावं.

पळताना ती बोलायची. पुढे खड्डा, उजवीकडे म्हैस, आता चढ. हळूहळू ती गरजेपेक्षा जास्त सांगायला लागली. कुठल्या गच्चीवर टाकी भरून पाणी वाहतंय, कुणाच्या दारात लग्नाचे केळीचे खांब अजून उभे आहेत, कुत्रं कुठे उन्हाची वाट बघत बसलंय. ऐकता ऐकता मला ते सगळं स्वच्छ दिसायचं, डोळे चांगले होते तेव्हा दिसायचं त्याहूनही स्वच्छ. कधीकधी शंका यायची, ही यातलं थोडं मनाचं सांगते. मी कधी विचारलं नाही.

मागच्या थंडीत शहरात एकवीस किलोमीटरची शर्यत होती. तिनं दोघांची नावं देऊन टाकली. त्या दिवशी पहाटे असं दाट धुकं पडलं की निघायच्या जागी माईकवरून बोलणारा माणूसही कुणाला दिसत नव्हता. बायको मैदानाच्या कडेला खुर्ची घेऊन बसली, थर्मास मांडीवर. आम्ही निघालो.

सुरुवातीला चहूबाजूंनी बुटांचा आवाज होता. मग तो पातळ होत गेला. मुलगी नेहमीसारखं सांगेना. मी विचारलं तर म्हणाली, काहीच दिसत नाही नाना, पुढे एक लाल दिवा आहे, आयोजकांची मोटारसायकल असणार, तिच्या मागे चाललोय. मला बरं वाटलं. पहिल्यांदाच आम्हा दोघांना सारखंच दिसत होतं.

दीपनगरला असताना हिवाळ्यात कूलिंग टॉवरची वाफ सकाळी रस्त्यावर उतरायची. मी तिला सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत सोडायला जायचो. एकदा तिनं विचारलं, आपण ढगात आहोत का? मी हो म्हणालो होतो. आता धुकं तोंडाला लागत होतं, बाजूने ओल्या मातीचा आणि केळीच्या चिकाचा वास येत होता, आणि आपण कुठल्या रस्त्यावर आहोत, किती वर्षांपूर्वीच्या, हे काही वेळ मला सांगता आलं नसतं. पाय आपले चालले होते. नाडी कधी ताठ व्हायची, कधी सैल.

मग लक्षात आलं की आवाज फक्त आमच्या बुटांचा येतोय. बाकीचे कुठे गेले, मी विचारलं. ती थांबली. तेवढ्यात पुढचा लाल दिवा एका गल्लीत वळला आणि पत्र्याचे कॅन एकमेकांवर आपटल्याचा आवाज झाला. आम्ही इतका वेळ एका दूधवाल्याच्या मागे पळत होतो. वळणावर शर्यत दुसरीकडे गेली होती आणि आम्ही शहराबाहेर असोदा गावाच्या रस्त्याला लागलो होतो.

ती हसायला लागली, मीही. परत फिरायला हवं होतं. पण ती म्हणाली, थोडं पुढे जाऊ. आम्ही पुन्हा पळू लागलो, हळू. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "नाना, मला विशाखापट्टणमला नोकरी मिळतेय. उद्या कळवायचंय."

मी तिच्याकडे मान वळवली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, पण तो तसाही दिसला नसता.

"मी गेले तर तुम्ही पळणार कसे?" ती म्हणाली.

नाडी हातात होती आणि तरी आपण एकटेच पळतोय असं वाटलं. थोडं अंतर गेल्यावर मी म्हणालो, "तू कळवून टाक." आणखी थोडं गेल्यावर म्हणालो, "तिथे समुद्र आहे ना? तो कसा आहे ते फोनवर सांगत जा."

ती हो म्हणाली. नंतर नाक ओढल्याचा आवाज आला. थंडीही होती.

रस्त्याच्या कडेला एका वांग्याच्या शेतात कुणीतरी तोडणी करत होतं. एक म्हातारी बाई बांधावर आली आणि आमच्या मनगटांकडे वाकून बघत म्हणाली, "काय वं माय, बापाले बांधीसन कुठी चालली?"

असं कुणी विचारलं की मुलगीच उत्तर द्यायची. त्या दिवशी मी आधी बोललो. "मले दिसत नाही मावशी. पोरगी रस्ता दाखवते."

म्हातारी म्हणाली, "मंग आज तर तिलेबी काई दिसत नसीन."

तिनं आम्हाला तांब्यातलं पाणी दिलं. निघताना भरताची दोन मोठी हिरवी वांगी दिली, घ्यायलाच लावली. ती हातात धरून आम्ही आल्या रस्त्यानं परत पळालो. वाटेत ऊन आलं, मुलीला सगळं दिसायला लागलं आणि ती पुन्हा सांगू लागली.

मैदानात पोचलो तेव्हा शर्यतीच्या फुगवलेल्या कमानीतली हवा काढून ती जमिनीवर पसरली होती. बायको एकटीच खुर्चीत होती. रागावली होती, पण हातातली वांगी बघून काय बोलावं ते तिला सुचेना. तिनं आधी चहा ओतला.

संध्याकाळी बायकोनं गच्चीवर काडीकचरा पेटवून वांगी भाजली. जेवताना मी तिला नोकरीचं सांगितलं. ती म्हणाली, मला पंधरवड्यापासून माहीत आहे. मुलीनं तिला आधीच विचारलं होतं, नानांना कसं सांगू? "मीच म्हटलं, पळताना सांग," बायको म्हणाली. "घरात सांगितलं तर ते टीव्हीचा आवाज वाढवतील." मुलगी ताटात बघून हसत असावी. मी भाकरी मोडून भरीत घेतलं. तिखट होतं, चांगलं होतं.

संक्रांत झाल्यावर ती गेली. भुसावळला आम्ही तिला गाडीत बसवलं. गाडी हलली तशी बायको म्हणाली, हात हलवतेय बघा. कुठली खिडकी ते मला कळत नव्हतं, म्हणून मी सगळ्याच डब्यांना हात हलवत राहिलो. गाडी गेल्यावर कधीतरी बायकोनंच माझा हात धरून खाली केला.