किटली घेऊन आलेली चेटकीण

अमेरिकेत ॲन आर्बरला विद्यार्थी-कुटुंबांच्या वसाहतीत येऊन आम्हाला वर्षही झालं नव्हतं. एप्रिलमध्ये एका दुपारी, शाळा सुटल्यावर, दार वाजलं. उघडते तर शेजारची स्वीडिश मुलगी. डोक्याला फडकं, आईचा पायघोळ ॲप्रन, गाल लालभडक, नाकावर पेन्सिलीचे ठिपके. एका हातात झाडू, दुसऱ्या हातात तांब्याची किटली.

यांचं हॅलोविन वर्षातून दोनदा असतं की काय, असं मला वाटलं. पण काही मागायच्या आधी तिनेच मला एक चित्र दिलं. कोंबडीची पिवळी पिल्लं, आणि रंगीत पिसं बांधलेली एक फांदी.

"आज चेटकिणी झाडूवर बसून सैतानाच्या डोंगरावर जातात," ती गंभीरपणे म्हणाली. "ईस्टरला परत येतात. खाऊ किटलीत टाकायचा."

"पण किटली कशाला?"

ती जरा विचारात पडली. "लांब जायचं असतं ना. कॉफी लागते."

घरात कँडी नव्हती. मी बेसनाचा लाडू टाकला. तिने वाकून वास घेतला आणि मान डोलावली.

"आई, मलापण विच व्हायचंय!" माझी सहा वर्षांची लेक मागून ओरडली. माझी ओढणी तिच्या डोक्याला बांधली. किटली नव्हती, म्हणून देवघरातला तांब्या घेतला. तिनेही घाईघाईने चित्रं काढली आणि दोघी निघाल्या. मी मागोमाग.

वरच्या मजल्यावरचा अमेरिकन मुलगा म्हणाला, "हॅलोविन तर कधीच झालं!" मग स्वीडिश मुलीने त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिसऱ्या दारापर्यंत माझी लेकच सांगायला लागली. तिच्या गोष्टीत सैतानाचा राक्षस झाला होता आणि कॉफीचा चहा.

शेवटी स्वीडिश मुलीच्या आईने, आमच्या शेजारणीने, आम्हाला आत बोलावलं. टेबलावर तशीच पिसं बांधलेल्या फांद्या. "आमच्या स्वीडनमध्ये उद्या गुड फ्रायडेची सुट्टी, ईस्टरनंतर सोमवारीही सुट्टी," ती म्हणाली. "इथे मात्र उद्या शाळा."

"सुट्टी चेटकिणींसाठी?" लेकीने विचारलं.

"नाही गं, सुट्टी येशूसाठी. चेटकिणी आपल्या गमतीसाठी."

"मग सोमवारी चेटकिणी काय करतात?"

शेजारीण कॉफी ओतता ओतता थांबली. हे तिला लहानपणी कुणी सांगितलंच नव्हतं. तिने आपल्या मुलीकडे पाहिलं. मुलगी लाडू खात होती. तोंड भरलेलं असतानाच ती म्हणाली, "झोपतात."