‘चालूच होत न्हाई, ताई’

पलूसला एसटी स्टँडच्या मागं माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. चौदा वर्षं झाली. दुकानात जुने सुटे भाग साठतात तसे किस्सेही साठतात. सुटे भाग निदान भंगारवाला तरी घेऊन जातो, किस्से माझ्याकडंच राहतात. मैत्रिणी म्हणतात, तुझं ऐकून लय हसू येतं. येत असेल. मला सांगताना अजून रागच येतो.

बंद पडलेला कॉम्प्युटर घेऊन येणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "मी काय केलं न्हाई, आपोआप बंद पडला." हे ऐकलं की माझा हात आधीच स्क्रूड्रायव्हरकडं जातो.

*

एक निवृत्त सुभेदार आले. कॉम्प्युटरचा डबा काउंटरवर ठेवला आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "मेकॅनिक कुठाय?"

"मीच."

ते हसले. "तसं न्हवं. दुरुस्त करणारा."

"दुरुस्त मीच करते, काका."

"बरं बरं. येऊ द्यात त्यांना. मी थांबतो."

खुर्ची ओढून ते पेपर वाचत बसले. मी त्यांच्यासमोर डबा उघडला. आतला पॉवर सप्लाय जळला होता. तो काढला, नवा बसवला, वायरी जोडल्या, बटण दाबलं. स्क्रीनवर त्यांच्या पलटणीचा फोटो आला.

"झालं, काका."

त्यांनी स्क्रीन बघितली, मग दाराकडं बघितलं. "आन् साहेब कवा येणार?"

"साहेब येऊन काम करून गेले."

"आवं, मला कसे दिसले न्हाईत?"

"तेच मी चौदा वर्षं झाली विचारतेय," म्हटलं.

*

कुंडलला एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांचा कॉम्प्युटर बंद पडला, तर त्यांनी आधी जावयांना व्हिडिओ कॉल लावला. जावई पुण्यात इंजिनीअर. कसले, ते मी विचारलं नाही. त्यांनी फोनवरून डब्याकडं बघितलं आणि निकाल दिला, "मदरबोर्ड गेलाय. नवीनच घ्या."

गुरुजींचं मन होईना म्हणून मला बोलावलं. मी पोचले तेव्हा जावई पुन्हा फोनवर हजर होते. मी वाकले आणि डब्याच्या मागं हात घातला. तिथं पॉवर सप्लायचा एक छोटा स्विच असतो. झाडलोट करताना कुणाचा तरी धक्का लागून तो बंद झाला होता. तो दाबला, पुढचं बटण दाबलं. चालू.

फोनमधून आवाज आला, "बेसिकली पॉवरचाच इश्यू होता. मला डाऊट होताच."

गुरुजींचा चेहरा अभिमानानं फुलला. तेवढ्यात त्यांच्या पत्नीनं आतून विचारलं, कोण आलंय. गुरुजी म्हणाले, "कुणी न्हाई. जावईबापूंनी सांगितलेला स्विच दाबायला एक बाई आल्यात."

*

एका पतसंस्थेतून फोन आला. मॅनेजर ओरडूनच बोलत होता. "मशीन चालू होईना. काळ्या पडद्यावर इंग्रजी एक ओळ येतीय आन् थांबतंय. लोकं खोळंबल्यात. मागच्या वेळी तुमीच हात लावला हुता."

एप्रिलचं ऊन, भर दुपार. स्कूटी काढली. पोचले तर सगळे माझ्याकडंच गुन्हेगारासारखं बघत होते. मी डब्याच्या पुढं बघितलं. एक पेनड्राइव्ह अडकवलेला होता. कॉम्प्युटर विंडोज शोधायला आधी त्याच्यात जात होता आणि न सापडल्यामुळं तिथंच थांबत होता. पेनड्राइव्ह उपसला, मशीन चालू झालं.

"हा कुणाचा?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

मग मीच तो कॉम्प्युटरला लावून उघडला. आत मॅनेजरच्या मेहुण्याचा लग्नाचा बायोडेटा होता. चार प्रती, चारही रंगीत.

मॅनेजर खाली बघत म्हणाला, "एवढंच हुतं तर फोनवर सांगायचं की, ताई."

*

पुढच्यात हसण्यासारखं काही नाही.

दाखले देणारं एक केंद्र आहे, गाव सांगत नाही. तिथला नेहमीचा ऑपरेटर लग्नासाठी रजेवर गेला. बदली माणसानं पहिल्याच दिवशी दारावर कागद चिकटवला, ‘मशीन बंद आहे’. आठवड्यानंतर कुणाला तरी मला बोलवायचं सुचलं.

मी बटण दाबलं. काळा पडदा आला आणि त्यावर साध्या इंग्रजीत लिहिलं होतं, पुढं जाण्यासाठी एफ-वन दाबा. मी एफ-वन दाबलं. विंडोज चालू झालं.

आतला बटणाएवढा सेल संपला की असं होतं. मी नेहमीच्या ऑपरेटरला फोन लावला. तो म्हणाला, "व्हय, वर्षभर तसंच येतंय. मी रोज दाबतो की." त्यानं सेल बदलायला सांगितलं नव्हतं, बदली माणसाला बटणही सांगितलं नव्हतं. आणि बदली माणसानं समोरची ओळ वाचली नव्हती.

दारात एक गृहस्थ उभे होते. मुलीच्या नर्सिंगच्या ॲडमिशनसाठी दाखला हवा होता. तिसरा हेलपाटा होता त्यांचा. त्यांनी सगळं बघितलं होतं.

"एक बटण?" त्यांनी मला विचारलं.

"व्हय, दादा."

"शेवटची तारीख काल हुती," ते म्हणाले, आणि हातातली फाईल तशीच टेबलावर ठेवून निघून गेले.

मी त्या बदली माणसाला काय काय बोलले, ते इथं लिहिता येणार नाही.

*

मनीषा जवळच्याच एका वाडीतली सून. घरून एका कंपनीचं काम करते. तिचा कॉम्प्युटर आला तो नुसता शिट्ट्या मारत होता, स्क्रीन कोरी. उघडला तर मेमरीची पट्टी जागेवर नव्हती. पट्टी आपोआप निघत नाही. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाबून ती काढावी लागते.

"घरी कुणी उघडला हुता का?"

"न्हाई. कुणाला ह्यातलं काय कळतंय?" ती म्हणाली आणि मध्येच थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "ह्यांनी यूट्यूबवर बघितलं हुतं काहीतरी. मी काम सोडावं म्हणत्यात."

सोमवारी ती कामावर दिसली नाही तर काम जाणार होतं. त्या जुन्या जातीची पट्टी माझ्याकडं नव्हती. पुण्याहून मागवायची तर सोमवार उलटणार. डबा दुकानातच ठेवून ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची सासू एकटीच एसटीनं आली. पदराची गाठ सोडली आणि काउंटरवर पट्टी ठेवली.

"ही बघ. ह्यातलीच हाय का?"

"व्हय. कुठं मिळाली?"

"पोराच्या पँटीत. धुताना खिसं बघायची सवय हाय मला."

मी पट्टी बसवली. स्क्रीन पूर्ण उजळेपर्यंत म्हातारी उभीच होती. मग म्हणाली, "माज्या शिलाई मशिनीचा पट्टा ह्याच्या बापानं असाच काढून लपवला हुता. मला कैक वर्सं वाटायचं, उंदरानं न्हेला." डब्याकडं बोट दाखवून तिनं विचारलं, "ही परत निघू ने असं काय करता येतं का?"

डब्याच्या मागं छोट्या कुलपासाठी एक कडी असते. फारसं कुणी वापरत नाही. मी दाखवली. ती समोरच्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन पितळी कुलूप घेऊन आली, स्वतःच्या हातानं लावलं, दोनदा ओढून बघितलं आणि किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवली आणि डबा रिक्षात घालून घरी नेला.

संध्याकाळी मनीषाचा फोन आला. नवरा घरी आला, कॉम्प्युटर चालू बघितला, मागं वाकून कुलूप बघितलं. "किल्ली कुणाकडं हाय?" म्हणून त्यानं विचारलं.

सासू भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "माज्याकडं हाय. तुला आतलं काय पायजे?"