अक्कांचा नंबर

देवपूरच्या आमच्या ऑफिसात माणसं चार, खुर्च्या तीन. शाळांच्या पालकांना मेसेज पाठवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. कोड साफ करता येतो, किस्से मात्र साचत जातात. हल्ली ते सगळे नानांपाशी येऊन थांबतात. नाना म्हणजे आमचे सीनियर, दीपनगरच्या वीज केंद्रातून रिटायर होऊन आम्हाला पीएचपी शिकवायला बसलेले.

*

एका शाळेतून फोन आला. "यादीतल्या शेवटच्या मुलीच्या घरी मेसेज जातच नाही, तिच्या आधीच्या मुलाकडे दोनदा जातो."

यादीतलं एकेक नाव घेत जाणाऱ्या लूपमध्ये मी नावं रेफरन्सने, म्हणजे प्रत न काढता मूळ जागेवरच, धरली होती आणि शेवटचं सोडायचं विसरलो होतो. पुढच्या लूपने त्या मुलीच्या जागी आधीचा मुलगा लिहून टाकला.

नाना म्हणाले, "धरता येतं रे तुला. सोडता येत नाही."

माझं त्याच आठवड्यात ब्रेकअप झालं होतं. ऑफिस हसलं, मी नाही.

*

आमची सहकारी भावना बंद पडलेले नंबर चालू लूपमध्येच काढायची. नंबर निघायचे, तरी मेसेज जायचेच!

"पंगत बसल्यावर घरातली यादी खोडून काय उपयोग?" नाना म्हणाले. "वाढपी त्याच्या हातातल्या यादीनेच वाढणार. लूप सुरू होतानाच अ‍ॅरे म्हणजे यादी धरून बसतो. तू खोडतेस ती वेगळी प्रत."

"मग जुनी प्रत जाते कधी?"

"धरणारे मोजलेले असतात. शेवटच्याने सोडली की जाते."

*

टेस्टच्या यादीत शेवटचा नंबर नानांच्या बायकोचा, अक्कांचा. रोज अकराला टेस्ट मेसेज गेला की त्यांचं उत्तर यायचं, "भेटनं. डबा खाई ल्या." मेसेज मिळाल्याचं ते उत्तर आलं की सगळं नीट चाललंय असं आम्ही धरायचो.

दिवाळीआधी अक्का गेल्या. तेराव्यानंतर नाना कामावर येणार होते. त्यांच्यासमोर तो मेसेज जायला नको, एवढंच मला हवं होतं. मी घाईघाईत अक्कांचा नंबर काढला, तोही चालू लूपमध्येच.

नाना आले त्या दिवशी अकराला टेस्ट झाली. यादीत नंबर नव्हता, पण मेसेज गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाना, चुकलो. आत्ता नीट काढतो."

नाना स्क्रीनकडेच बघत होते.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले आणि त्यांनी आपला ड्रॉवर उघडला. आत अक्कांचा फोन होता.

मिनिटभराने माझ्या स्क्रीनवर उत्तर आलं. "भेटनं. डबा खाई ल्या."