तलम मालाचे टायर

आमचे हे सकाळी उठून देवाच्या आधी टायरच्या पाया पडतात, असं भांडुपच्या आमच्या चाळीत कोणीतरी उठवून दिलंय. लोकांच्या तोंडाला कुलूप कोण घालणार? पाया बिया काही पडत नाहीत. उकिडवे बसून अंगठ्याने टायर दाबून बघतात, चारही, आणि मग स्टेपनी. त्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही. आणि मी म्हणते, पडले पाया तर कोणाचं काय जातं? ज्यांनी गेलेलं नाव परत आणलं, त्यांच्या पडले.

ह्यांचं नाव काशीराम. मी सुगंधा, ह्यांची बायको. हे स्वतःबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत, म्हणून मला बोलावं लागतं. आणि मी बोलायला लागले की मध्ये थांबत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

हे परळच्या मिलमध्ये साचेवाले होते. गिरणीत मागाला साचा म्हणतात. तरुणपणी तलम कापडाच्या साच्यावर होते, पण पुढे ड्रिलच्या जाड कापडाच्या साच्यावर टाकलं आणि तिथेच सगळी वर्षं गेली. ड्रिलचा ताणा, म्हणजे उभे धागे, खेचून ठेवायचा असतो, जरा सैल पडला की कापड फुकट. त्यामुळे ह्यांना घरात काही सैल खपायचं नाही. कपड्याची दोरी, खाटेची नवार, सगळं अंगठ्याने दाबून बघायचे आणि आवळायचे. माझी वाळत घातलेली लुगडी दोरीसकट तुटून पडलीत दोनदा.

कोणी विचारलं, काय करता, की छाती काढून "साचेवाला" म्हणायचे. मग ब्याऐंशीचा संप आला आणि मिल काही पुन्हा ह्यांच्यासाठी उघडली नाही. त्यानंतर तोच प्रश्न कोणी विचारला की हे पायातल्या चपलेकडे बघायचे. मी उपास काढलेत, त्याचं मला काही वाटलं नाही. पण ते खाली बघणं मला सोसायचं नाही.

माझा भाऊ राजाराम कांदिवलीला टेम्पो चालवायचा. त्याने ह्यांना गाडी शिकवली आणि कुठून तरी एक जुना पिकअप मिळवून दिला. रंग उडालेला, दार दोरीने बांधलेलं आणि टायर पार टकले. त्या वेळी चारकोपला सेक्टर पडत होते. लोकांना प्लॉट मिळाले होते, जो तो आपापलं घर बांधत होता, त्यामुळे विटा, रेती, खडी ह्यांना मरण नव्हतं. नाक्यावरच्या ड्रायव्हर लोकांनी सांगितलं, जेवढे जाड टायर मिळतील तेवढे घाल, काशीराम, विटांना दुसरं काही चालत नाही. ह्यांना तर तेच हवं होतं. जास्तीत जास्त प्लायचे, म्हणजे थरांचे, वर रबराच्या मोठ्या मोठ्या गोट्यांचे, मोठ्या ट्रकला शोभतील असे टायर घेऊन आले. नाकापेक्षा मोती जड. वर हवा इतकी ठासून भरली की बोटाने टिचकी मारली तर टण्ण वाजायचं. आणि ते ऐकून ह्यांचा चेहरा खुलायचा, साचा बरोबर चालू लागल्यासारखा.

वर्षभर विटा वाहिल्या. विटा पडल्या काय, आपटल्या काय, कोण रडतंय? टेम्पो चालला, चूल पेटली. नाव मात्र विटावाला.

मग शेजारच्या सुंदराबाईच्या थोरल्या मुलीचं, शेवंतीचं लग्न ठरलं. सुंदराबाई म्हणजे आमच्या चाळीतली वडीलधारी बाई, ह्यांना अरे-तुरे करणारी. तिने रुखवत केलं होतं ते बघायला दुसऱ्या गल्लीतून बायका आल्या. साखरेचं देऊळ, कमरेएवढं. दगडागणिक दगड खडीसाखरेचा, वर कळस, आत दिवा. महिनाभर तिने आणि पोरींनी रांधणं-वाढणं सोडून तेच केलं. लग्न मुलुंडला होतं, म्हणजे इथून हाकेवर. तिने विश्वासाने रुखवत ह्यांच्या टेम्पोत घातलं. ह्यांनी जपून नेलं हो, बैलगाडीच्या चालीने नेलं. पण हौद्यात ओझं हलकं आणि टायर दगडासारखे. प्रत्येक खड्ड्याला टेम्पो उड्या मारत गेला. मांडवाशी ताडपत्री काढली तर देवळाची नुसती साखर उरली होती.

 सुंदराबाई पदराने साखर गोळा करत बसली, वरपक्षाच्या बायकांसमोर. बोलली असती तर बरं झालं असतं. बोलला तो मांडवातला कुठला तरी पाहुणा. म्हणाला, विटा वाहणाऱ्याने विटाच वाहाव्यात.

त्या दिवशी हे जेवले नाहीत. माझा जीव जळला, पण राग पण आला, का नाही येणार? एवढ्या बायकांची मेहनत मातीत गेली होती. चाळीत मग ठरूनच गेलं. कोणाचा आरसा न्यायचा असो, लोणच्याच्या बरण्या असोत, नवा टीव्ही असो, सगळे भाड्याचा दुसरा टेम्पो बघू लागले. आमच्या दारातला उभा असून.

पुढल्या साली आमच्या लेकीचं, शकूचं जमलं. मुलगा चारकोपचा, बापाने सेक्टरमध्ये नवं घर बांधलेलं, लग्न तिकडेच. मी रुखवताला बसले. का लपवू, मी पण साखरेचं देऊळच घेतलं करायला, आणि सुंदराबाई स्वतः येऊन कळस शिकवायला बसली. मनाची मोठी बाई. एका संध्याकाळी हे दारात उभे राहिले आणि म्हणाले, "शकूचं रुखवत आपल्या टेम्पोतून जाईल."

मी सरळ नाही म्हटलं. दुधाने तोंड पोळलंय, आता मी ताक सुद्धा फुंकून पिणार, असं चारचौघींदेखत सुनावलं. बापाने मुलीच्या सासरी साखरेचा चुरा नेऊन ओतायचा आणि तिने जन्मभर ते ऐकायचं, हे माझ्याच्याने व्हायचं नाही. हे गेले खाली. मला वाटलं, रागावून गेले.

दुसऱ्या दिवशी राजाराम हसत हसत वर आला. म्हणाला, ताई, तुझ्या नवऱ्याला वेड लागलंय, चल बघ. खाली जाऊन बघते तर हे टेम्पोच्या मागच्या हौद्यात बसलेले, डोक्यापासून पायापर्यंत ओले. मांडीवर कळशी. ह्यांनी राजारामाला गाडी चालवायला लावली होती आणि स्वतः पाण्याने भरलेली कळशी घेऊन मालाच्या जागी बसले होते. रेल्वे स्टेशनपर्यंत जाऊन येईतो कळशीत घोटभर उरलं नव्हतं. मी डोक्याला हात लावला. राजारामाला ओरडले, तर तो उलट मलाच म्हणतो, "ताई, तू गप रव. भावोजी काय सांगतत तां आयक."

ह्यांनी सांगितलं ते असं. तलम कापडाच्या साच्यावर ताण्याला वजन कमी लावायचं असतं. तिथे ड्रिलएवढं वजन टांगलं तर एकेक तार तटातट तुटते. जाड कापडाला ओढ जास्त, तलम कापडाला ओढ कमी, हे पोरगेपणी शिकलेलं, आणि ड्रिलवर राहून राहून हातच विसरला. "मी तलम मालाला ड्रिलचे टायर लावले, सुगंधा," हे म्हणाले. एवढं मोठं वाक्य ह्यांच्या तोंडून मी लग्नात पण ऐकलं नव्हतं.

ते ऐकून माझा राग निवळला, पण भरवसा काही बसला नाही. म्हटलं, मी येते टायर घ्यायला.

घाटकोपरला टायरवाल्याकडे गेलो. दुकानदार अंबादास म्हणून, ओळखीतलाच, जीभ चुरूचुरू. त्याने आधी जाडजूड माल पुढे लोटला, मग ओळखीखातर रिमोल्ड केलेले दाखवले, घासलेल्या टायरवर नवीन रबर चढवतात ते. ह्यांनी कशाला हात लावला नाही. आतल्या बाजूचे टायर काढायला लावले. एकेकाची बाजू अंगठ्याने दाबली, डोळे मिटून. मी हे दाबणं ओळखत होते. लग्नानंतर पहिल्यांदा मला मिलचं कापड आणलं होतं, तेव्हा दुकानात असंच चिमटीत धरून बघत होते. शेवटी चार निवडले आणि एक स्टेपनीला. प्लाय कमी, बाजू नरम, गोट्या नाहीत, नुसत्या सरळ रेघा.

अंबादासने कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाला, काशीराम, ह्यांच्यावर विटा भरशील तर महिन्यात कूस फाटेल, मग माझ्या नावाने शिमगा करू नकोस. हे म्हणाले, विटा भरणार नाही.

मी तिथेच ह्यांचा सदरा ओढला. मुलीचं लग्न तोंडावर, आणि विटा सोडून खायचं काय? एका दिवसाच्या रुखवतासाठी बारा महिन्यांचं काम सोडतं का कोणी? हे माझ्याकडे न बघता टायर गुंडाळायला लागले. टायर गुंडाळता येत नाही, तरी गुंडाळायला लागले, ह्यांना उत्तर द्यायचं नसलं की हात असे चालतात. मग हळूच म्हणाले, "एका दिवसासाठी नाही. मला विटावाला म्हणून मरायचं नाही."

 मी सदरा सोडला.

लग्नाच्या दिवशी माझी अट होती की रुखवताजवळ हौद्यात मी बसणार. सुंदराबाई म्हणाली मी पण, आणि ह्या वयात चढली वर, नऊवारी खोचून. हवा ह्यांनी स्वतः बघून घेतली होती, दाबली की अंगठा जरासा आत जाईल एवढी. पवईवरून आरे कॉलनीच्या रस्त्याने निघालो. मी दोन्ही हातांनी कळस धरलेला. देवा म्हाराजा, आमची लाज राख, एवढंच तोंडात. सुंदराबाईने देवळाचा खालचा पाट धरलेला.

आरेत तो चढ लागतो ना, वळणाचा, खड्ड्यांचा, तिथे मी कळस आणखी घट्ट धरला. पण टेम्पो उडाला नाही. खाली गेला, वर आला, परत खाली. पाण्यावर होडी जाते तसा. आमच्या वेंगुर्ल्याच्या खाडीत मी लहानपणी होडीत बसायचे, तशी मला झोपच यायला लागली म्हणा ना. मी सुंदराबाईकडे बघितलं. तिने पाट केव्हाच सोडला होता आणि पदराने वारा घेत बसली होती. मग मी पण कळसावरचे हात काढले.  कळस जागचा हलला नाही.

चारकोपला तर रस्ता म्हणायचा म्हणून, नुसता मुरूम टाकलेला. तिथून पण गेलो. मांडवाशी टेम्पो उभा राहिला. हे उतरून मागे आले, पण ताडपत्रीला हात लावेनात. एक टोक धरून उभेच. शेवटी सुंदराबाईने आतून ताडपत्री बाजूला सारली.

देऊळ उभं होतं. कळसासकट, आतल्या दिव्यासकट. साखरेचा एक खडा खाली नव्हता. सुंदराबाईने वाकून हौद्याच्या फळीवरून बोट फिरवलं, खरंच चुरा पडलाय का बघायला, आणि कोरडं बोट ह्यांच्यासमोर धरलं.

"काशीराम," ती म्हणाली, "माझ्या धाकटीचं रुखवत तूच न्यायचंस. दुसऱ्याच्या हातात मी देणार नाही."

हे मान खाली घालून उभे. डोळे पुसताहेत की घाम, कोण जाणे. मला भरून आलं आणि मी काही लपवलं नाही, टेम्पोतच पदर डोळ्याला लावला.

रुखवत मांडलं. वरपक्षाच्या बायका येऊन येऊन बघत होत्या, भांडुपवरून हे असं अख्खं आलं कसं म्हणून विचारत होत्या. तेवढ्यात नवऱ्या मुलाचा मामा आला, जाड मिशांचा, चौकस माणूस. ह्यांच्याशी नमस्कार-चमत्कार झाला आणि त्याने विचारलं, पाहुणे, आपण करता काय?

 संप झाल्यापासूनचा तोच प्रश्न, आणि आज मुलीच्या मांडवात. मी ह्यांच्या पायाकडे बघितलं, कारण आता नजर तिकडेच जाणार हे मला ठाऊक होतं.

गेली नाही. हे मामाच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाले, "टेम्पो आहे आपला. तलम माल नेतो."