तपकिरी स्विच आणि आमचे साडू

आमच्या साडूंइतका बोटांच्या टोकांवर जगणारा माणूस अख्ख्या लातूर जिल्ह्यात सापडायचा नाही. मूळचे देवणीचे, लातुरात कोर्टाजवळ त्यांचं टायपिंगचं दुकान. कुणाच्याही घरी गेले की पाणी प्यायच्या आधी हे तिथला कीबोर्ड दाबून बघणार. माझ्या लग्नानंतर त्यांना पहिल्यांदा नांदेडला जेवायला बोलावलं, तर गृहस्थ थेट माझ्या कॉम्प्युटरपाशी. दोन बटणं दाबली आणि तोंड असं केलं, की बायकोला वाटलं वरण करपल्याचा वास आला. "भिजल्या भाकरीवर टाईप करून राहिले तुम्ही," म्हणाले.

मग माझी शिकवणी सुरू झाली. त्यांच्या दुकानात दोन कीबोर्ड. एक खेळायचा, लाल स्विचचा, म्हणजे प्रत्येक बटणाखालची कळ लाल. त्याचं बटण कुठंही न अडता अलगद खाली जातं. कोर्ट सुटलं की पन्नाशीचे साडू दार लोटून त्यावर बंदुकीचा खेळ खेळत आणि हरले की चहावाल्यावर चिडत. दुसरा लिहायचा, तपकिरी स्विचचा. त्यात निम्म्यावर बारीकसा उंचवटा लागतो, म्हणजे अक्षर उमटलं हे बोटाला कळतं. "पळताना पायाखाली दगड नको, पण जिना उतरताना पायरी कळाय पाहिजे का न्हाई?" हे त्यांचं शास्त्र. टकटक वाजणाऱ्या निळ्या स्विचचा मात्र लई तिटकारा. अक्षर आपल्या बोटाला कळावं, गल्लीला कशाला, म्हणायचे.

म्हणून मागच्या वर्षी दुकानात शिरताना टकटकाट ऐकला तेव्हा मला हसूच आलं. साडू चक्क निळ्यावर! मी चिडवलं, तर म्हणाले, "तपकिरीत दम राहिला न्हाई. कंपनीनं माल बिघडवला." बाजूला पडलेला तो कीबोर्ड मी दाबून पाहिला. उंचवटा होता तिथंच होता. मी तसं बोलून गेलो आणि त्यांचा चेहरा उतरला. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, की हा माणूस आता बोटांकडे बघून टाईप करतोय.

साखरेचा आजार त्यांना जुनाच. "टोकं बधिर झालीत," ते हळू आवाजात म्हणाले. "डॉक्टर म्हणतो, गेलेलं परत येत न्हाई. आवाजावर भागवून राहिलो. घरी बोलू नका, दुकान बंद करायला लावतील." मला फार वाईट वाटलं.

हल्ली लातूरला गेलो की ते मला तपकिरी कीबोर्डपुढे बसवतात. स्वतः स्टूल ओढून शेजारी बसतात, हात मांडीवर ठेवतात, डोळे मिटतात.

"कसं लागलं? नीट सांगा."

मी जमेल तसं सांगतो. अर्ध्यावर जरा अडतं, मग सुटतं.

"हाव," ते म्हणतात, "तसंच असतं." आणि पुढचं बटण दाबायला सांगतात.